बत्तीची शिकार आणि कायदा

कायद्याचे पुस्तक म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना जांभई येते. कलमे, पोटकलमे, परंतुके, सगळा कोरडा कारभार! पण १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक कलम असे होते की ते वाचताना माणूस थबकतो. हे सतरावे कलम. जनावर मारायचे की नाही, हा प्रश्न त्यात नव्हता. मारायचे झालेच तर कसे मारायचे नाही, याची ती यादी होती. मोटारीत बसून मारू नये. विष, सुरुंगाची दारू किंवा खड्डा करून मारू नये. रानाला आग लावून मारू नये. पाणवठ्यावर पाणी प्यायला आलेल्याला मारू नये. सूर्य मावळल्यापासून तो उगवेपर्यंत शिकार करू नये. आणि याच यादीत आणखी एक ओळ होती: शिकारीसाठी कृत्रिम प्रकाश वापरू नये.

कृत्रिम प्रकाश म्हणजे बॅटरी, गॅसबत्ती, मोटारीचा दिवा, झोताचा दिवा. आता तुम्ही म्हणाल, गोळी दिवसा लागली काय आणि बत्तीच्या उजेडात लागली काय, हरीण मरायचे ते मरतेच. मग दिव्याने असे काय मोठे पाप केले की सरकारने त्याच्यासाठी निराळी ओळ लिहावी? आज त्या एका ओळीची हकीगत सांगायची आहे. ती कायद्याची आहे, तशीच आपल्या वाळूज-गंगापूरच्या माळासारख्या मोकळ्या मुलखाचीही आहे.

आधी डोळ्याची गोष्ट समजून घेऊ. रात्री गोठ्यात कंदील नेला की गाईचे डोळे चकाकतात, मांजराचे तर निखाऱ्यासारखे दिसतात. आपले डोळे तसे चमकत नाहीत. याचे कारण असे की या जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. डोळ्यात शिरलेला उजेड त्या थरावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो, म्हणजे थोड्याशा उजेडाचा दोनदा उपयोग होतो. चांदण्यांच्या प्रकाशातही हरणाला वाट दिसते ती यामुळे. निसर्गाने ही सोय दिली ती रात्री जगता यावे म्हणून. पण त्याच डोळ्यावर एकदम प्रखर झोत पडला की सोय उलटते. जनावर दिपते, पुष्कळदा जागच्या जागी उभे राहते, आणि त्याचे चमकणारे डोळे शिकाऱ्याला लांबून नेम दाखवतात. ज्या डोळ्यांनी त्याने पळून जायचे, तेच डोळे त्याचा ठावठिकाणा सांगतात.

आणखी एक गोष्ट आहे. दोन चकाकते डोळे दिसले म्हणजे सगळे जनावर दिसले असे नव्हे. नर की मादी, गाभण की भाकड, पाडस बरोबर आहे की नाही, हे कळत नाही. कधी कधी ते रानातले आहे की कुणाच्या दावणीचे, हेही कळत नाही! अमेरिकेत अठराव्या शतकात कॅरोलायना नावाच्या वसाहती होत्या. तिथले लोक तव्यात जाळ पेटवून रात्री हरणे मारीत. त्या वसाहतींनी या जाळावरच्या शिकारीविरुद्ध कायदे केले, त्याचे एक कारण हेच की अंधारात हरणाऐवजी शेजाऱ्याची गुरे मरत. म्हणजे बत्तीवर बंदी आली ती निव्वळ भूतदयेपोटी नव्हे. शेजारधर्म आणि व्यवहार हीही तिची कारणे होती.

आपल्या देशात शिकारीला वेसण घालण्याचा विचार फार जुना आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर एक स्तंभलेख कोरवला. त्यात पोपट, मैना, कासव अशा कितीतरी प्राण्यांची नावे घालून त्यांना मारू नये असे सांगितले आहे. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रानाला आग लावू नये, असेही त्यात आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख आणि १९७२ सालचे कलम एकाशेजारी एक ठेवून पाहा. रान पेटवण्याची मनाई दोन्हीकडे आहे. गुरुजनांनी वर्गात इतिहास शिकवताना हे जरूर दाखवावे.

पुढच्या काळात राजे शिकार करीत, गरीबही करीत. राजाचा हाका असे, माचाण असे, पाळलेले चित्ते असत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडचे शिकारी चित्ते प्रसिद्धच होते. आपल्याकडे पारधी समाजात चित्तापारधी म्हणून ओळखली जाणारी माणसे होती. चित्ता धरणे आणि त्याला शिकवणे हे त्यांचे काम. फासेपारधी फासे लावीत. या सगळ्यांत जनावरे मरतच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण फासा लावणाऱ्याला हरणाची वाट, त्याची वेळ, वाऱ्याची दिशा सगळे ठाऊक असावे लागे. एका माणसाच्या हातून एका दिवसात किती जीव जाणार, याला आपोआप मर्यादा होती. रात्र झाली की ती मर्यादा आणखी वाढे. काळोख हा जनावराच्या बाजूचा होता.

इंग्रजी अमलात कायदे आले. पहिला १८८७ सालचा, तो फक्त पाखरांपुरता. मग १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा झाला. त्यात यादीतल्या पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम ठरवण्याची तरतूद होती. त्या हंगामात कुणी जनावर मारले तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. बत्तीचा किंवा रात्रीचा त्यात उल्लेख नाही. शिवाय स्वतःच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी खऱ्या हेतूने जनावर मारले तर हा कायदाच लागू नव्हता. मालमत्ता म्हणजे उभे पीकही आलेच. ही पळवाट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

हे कायदे लिहिले जात होते त्याच सुमारास खिशात मावणारी विजेची बॅटरी बाजारात आली होती. तोवर रात्रीच्या शिकाऱ्याला मशाल नाहीतर कंदील एवढाच आधार. मशालीचा उजेड चारी बाजूंना सांडतो, धरणारालाही दाखवतो. बॅटरीचा झोत एका दिशेला जातो आणि मागचा माणूस अंधारात राहतो. पुढे हीच बॅटरी बंदुकीच्या नळीला बांधता येऊ लागली.

या बॅटरीने चांगलेही काम केले, ते सांगितले नाही तर हकीगत एकांगी होईल. हिमालयात रुद्रप्रयागच्या मुलखात १९१८ ते १९२६ या काळात एका नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे सव्वाशे माणसे मारली. यात्रेकरूंच्या वाटेवर संध्याकाळ झाली की दारे लागत. जिम कॉर्बेट यांनी त्याला अखेर मारले ते १९२६ साली, रात्री, झाडावर बसून, रायफलला लावलेल्या बॅटरीच्या उजेडात. घोडा दाबला त्याच क्षणी बॅटरी विझली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. सतराव्या कलमात बत्तीला बंदी होती, पण एक अपवाद होता. मांसाहारी जनावराने मारलेल्या भक्ष्यावर बसायचे असेल, आणि परवान्यात तसे खास लिहिले असेल, तरच दिवा वापरावा. असा अपवाद का ठेवावा लागला, हे रुद्रप्रयागची हकीगत वाचली की कळते. माणूस धोक्यात असेल तर दिवा पेटवावा, हौसेसाठी पेटवू नये.

हौसेचा प्रताप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर दिसला. युद्धात आलेल्या जीपगाड्या नंतर लोकांच्या हाती आल्या. जीपला रस्ता लागत नाही. तिच्या बॅटरीवर झोताचा दिवा चालतो. एकाने गाडी हाकायची, एकाने दिवा फिरवायचा, एकाने बंदूक चालवायची. आता आपला मुलूख कसा आहे पाहा. वाळूजहून गंगापूर, वैजापूरकडे निघालात की माळच माळ. घनदाट जंगल नाही. झाडी असली की दिव्याचा झोत चार हातांवर अडतो, जीप बांधावर अडकते. माळावर झोत लांबवर जातो आणि गाडी त्याच्या मागोमाग जाते. काळवीट, चिंकारा, माळढोक हे सगळे मोकळ्या माळाचे रहिवासी. धोका दिसला की पळायचे किंवा उडायचे, हेच त्यांचे संरक्षण. लपायला जागा नाही. म्हणून जीप आणि बत्ती या जोडीने देशातल्या डोंगरी जंगलांचे केले नसेल एवढे नुकसान माळांचे केले. ई. पी. जी यांच्यासारख्या निसर्गअभ्यासकांनी त्या काळात याबद्दल कळकळीने लिहिले. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून दिलेल्या बंदुका रात्री कशा वापरल्या जातात, तेही त्यांनी सांगितले.

या साऱ्या काळातली एक रात्र देशाच्या इतिहासात राहिली आहे. साल १९४७. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानचे राजे रात्री मोटारीतून चालले होते. दिव्याच्या उजेडात त्यांना तीन चित्ते एकत्र बसलेले दिसले. तिघेही नर. राजांनी तिघांनाही तिथेच गोळ्या घातल्या. राजांच्या खाजगी चिटणिसाने ही हकीगत छायाचित्रासह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवली. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली. पशुपक्ष्यांच्या अभ्यासात तिचा अधिकार मोठा. पाठवणाऱ्याला वाटले असेल, कौतुक होईल. पण संस्थेच्या नियतकालिकाच्या संपादकांनी हकीगत छापताना तिचा कडक शब्दांत निषेध केला. इतक्या दुर्मिळ झालेल्या प्राण्याला, मोटारीतून, रात्री, दिव्याच्या उजेडात मारणे, हे त्यांना लाजिरवाणे वाटले.

त्यानंतर भारतात चित्त्याची खात्रीची नोंद जवळजवळ उरली नाही. १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाला असे जाहीर झाले. चित्ता नाहीसा होण्याचे कारण एकटी बत्ती नव्हे. माळ नांगराखाली गेले, हरणे घटली, शतकानुशतके पिल्ले धरून दरबारांत नेली गेली. पण हिशेबाची शेवटची ओळ लिहिली गेली ती मोटारीच्या दिव्याच्या उजेडात. आणि तिथे कायदा काय करणार होता? संस्थानात राजाची इच्छा हाच कायदा.

आपणही त्या वेळी संस्थानातच होतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान संपले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबई राज्याने त्याआधीच, १९५१ साली, वन्य पशू आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता आणि शिकारीला परवान्याच्या चौकटीत आणले होते. जगातही हाच विचार चालू होता. १९३३ साली लंडनला आफ्रिकेतल्या वन्य प्राण्यांसाठी जो करार झाला, त्यात डोळे दिपवणारे दिवे, विष आणि खड्डे यांना एकाच माळेत बसवले होते. म्हणजे दिवा हे विषासारखेच साधन आहे, असे जगाने मान्य केले होते.

१९७२ साली संसदेने सबंध देशासाठी एक कायदा केला, त्यात ते सतरावे कलम आले. शिकारीला तेव्हा पुरती बंदी नव्हती. परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेली जनावरे मारता येत. पण बलवान माणसाने आपल्या बळाला आपणच मर्यादा घालावी, हे त्या कलमाचे सांगणे होते. बंदूक आहे तर मोटार नको, मोटार आहे तर बत्ती नको, रात्र तर नकोच. जनावराला निसटण्याची थोडी तरी संधी राहू द्या.

पुढे १९९१ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. अनुसूचीतल्या वन्य प्राण्यांच्या शिकारीलाच बंदी आली आणि सतरावे कलम पुस्तकातून काढून टाकले गेले. वाचताना क्षणभर गोंधळ होतो. बत्तीची बंदी उठली की काय? तसे नाही. शिकारच बंद झाली, तेव्हा ती कशी करू नये हे सांगण्याचे कारण राहिले नाही. आज काळवीट किंवा चिंकारा मारणाऱ्याला निदान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. दंडाचा हा आकडा २०२२ सालच्या दुरुस्तीने वाढवला. १९१२ च्या पन्नास रुपयांपासून आपण इथवर आलो. शिवाय गुन्ह्यात वापरलेली गाडी, हत्यार, साधने सरकारजमा होऊ शकतात. आणि शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. पकडणे, फाशात अडकवणे, जखमी करणे, एवढेच काय, तसा प्रयत्न करणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच.

आता शेतकरी बंधूंचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. रब्बीचे पीक उभे आहे. शेतीची वीज रात्रीची आली म्हणून तुम्ही पाणी द्यायला जाता. पाहता तो काय, रानडुकरांनी मका लोळवला आहे, हरणांनी हरभरा खुडला आहे. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीत जाते. अशा वेळी हातातली बॅटरी आणि मनातला राग, दोन्ही पेटतात. मागे ज्या पळवाटेचा उल्लेख केला ती इथे आठवा. १९१२ च्या कायद्याने मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारण्याची मोकळीक दिली होती. १९७२ च्या कायद्याने ती काढून घेतली. जिवावर बेतले आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी जनावर मारावे लागले तर तो गुन्हा नाही. पिकासाठी मात्र आधी परवानगी हवी. उभ्या पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराबाबत अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची गोष्ट वेगळी. नुकसानीची भरपाई मागण्याची सोयही आहे, पण त्यासाठी पंचनामा वेळेवर झाला पाहिजे. म्हणून नुकसान दिसले की दुसऱ्या कामाला लागण्यापूर्वी वनरक्षकाला आणि तलाठ्याला कळवावे.

ही भरपाई मिळायला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, ही तुमची तक्रार आहे. ती रास्त आहे, आणि गावाने एकत्र येऊन ती मांडली पाहिजे. कायद्याने शेतकऱ्याच्या हातून बंदूक काढून घेतली, तेव्हा भरपाई वेळेवर पोचवणे ही सरकारची जबाबदारी ठरते. एक हात बांधायचा आणि दुसऱ्या हाताला काही द्यायचे नाही, असे झाले तर कायदा लोकांच्या मनातून उतरतो.

जागलीला बॅटरी घेऊन जाणे गुन्हा नाही, हेही स्पष्ट सांगतो. माळ्यावर बसा, डबे वाजवा, बॅटरी फिरवून जनावर हाकलून लावा. हाकलण्यासाठी दाखवलेला उजेड आणि नेम धरण्यासाठी दाखवलेला उजेड यांत फरक आहे. पण एक गोष्ट मात्र कधीही करू नका. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडू नका. तो बेकायदा तर आहेच. पण बत्तीने निदान दोन डोळे तरी दिसतात, तारेला काहीच दिसत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेने गावातल्याच माणसांचे जीव घेतल्याच्या घटना घडल्या आहेत.

बत्तीचा हा प्रश्न रानापुरताच राहिला नाही, समुद्रावरही गेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत मोठ्या नौकांवर प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी होऊ लागली. उजेडाकडे मासळीचे थवेच्या थवे येतात आणि लहान-मोठी सगळी जाळ्यात सापडते. पारंपरिक कोळी बांधवांच्या जाळ्यात मग काय यायचे? नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीला मनाई केली, आणि महाराष्ट्रानेही २०२१ साली आपला सागरी मासेमारीचा कायदा दुरुस्त करून दंड पुष्कळ वाढवला. इथेही भांडण तेच आहे. साधन इतके जबर झाले की समोरच्या जिवाला निसटण्याची संधी राहिली नाही, आणि शेजाऱ्याच्या वाट्यालाही काही उरले नाही.

आपल्या वाळूजचा माळ आता पूर्वीचा राहिलेला नाही. १९८० नंतर इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात. जायकवाडीच्या नाथसागरावर १९८६ साली पक्षी अभयारण्य झाले. गंगापूर-वैजापूरकडच्या रानात काळविटांचे कळप अजून दिसतात. सोलापूरकडे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले खरे, पण माळढोक आपल्या राज्यात आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. चित्ता तर परदेशातून आणावा लागला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे आपल्या मुक्तिदिनाच्याच तारखेला, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडले. १९४७ साली एका रात्रीत तीन चित्ते दिव्याच्या उजेडात मारता आले. ते परत आणायला पंचाहत्तर वर्षे आणि विमान लागले.

गुरुजनांना शेवटी एक विनंती. मुलांना या कायद्याची कलमे पाठ करायला लावू नका. त्यांना एवढेच विचारा: रात्री रस्त्यात एखादे हरीण दिव्याने दिपून उभे राहिले, तर गाडीवाल्याने काय करावे? मुले बरोबर उत्तर देतील. दिवा मंद करावा, थांबावे, आणि त्याला जाऊ द्यावे.